मयत, दिवाळीपर्यंत

कोकीळ सरांनी पुडीतले फुटाणे माझ्या काउंटरवर ओतले, कागद उलगडला, तळहाताने सरळ केला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पद्माकर, अक्षर तुझंच ना हे?"

अक्षर माझंच होतं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सरांच्या पेन्शनच्या अर्जापासून त्यांच्या मुलीच्या दाखल्यांपर्यंत सगळं मीच भरून दिलेलं. कागद मतदार यादीचा होता. वॉर्ड सहा, तांबट आळी. छापील नावांपुढे निळ्या पेनाने शेरे मारलेले. कोकीळ अरविंद गजानन, आणि पुढे माझ्या सुबक अक्षरात: काठावर, डोकं खातो.

सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की तीस वर्षं तुमच्या पक्षाला मत दिलं, गटाराचं काय झालं ते दोनदा विचारलं, तर ते डोकं खाणं झालं का. मग काउंटरवरचा एकेक फुटाणा वेचून त्यांनी खिशात टाकला आणि निघाले. कागद तुझ्याकडेच ठेव म्हणाले. बाकीची पानं आळीत घरोघर पोचली होती.

मतदानाला सहा दिवस राहिले होते.

आता हे कसं घडलं ते सांगतो, म्हणजे माझं शहाणपण किती होतं ते कळेल. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, आजही आहे. पक्षाच्या याद्या माझ्याकडे छापायच्या, आणि यादी ज्याच्या हातात त्याला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायला वेळ लागत नाही. नगरपालिकेला आमचे उमेदवार जालिंदरभाऊ गोंजारी, दुसऱ्यांदा उभे. उन्हाळ्यात मी यादी घेऊन वॉर्डात घरोघर फिरलो आणि प्रत्येक नावापुढे शेरा लिहिला. पक्का. त्यांचा. काठावर. मयत.

काठावर म्हणजे कोण? मत आम्हालाच देणार, पण आधी दोन प्रश्न विचारणार. आमची चूक झाली तर तोंडावर चूक म्हणणार, आणि पलीकडच्यांनी काही चांगलं केलं तर तेही म्हणणार. पूर्वी पक्षाला अशा माणसांचा केवढा मान होता. पण भाऊ एकदा निवडून आले आणि हवा बदलली. जो आपला नाही तो त्यांचा, असं ते भाषणात म्हणायला लागले आणि टाळ्या पडायला लागल्या. काठावरच्यांवर वेळ घालवू नका, पक्के सांभाळा, असा आम्हाला हुकूम. मागच्या वेळी भाऊ एकसष्ट मतांनी आले होते, आणि तांबट आळीत मतं होती चौऱ्याहत्तर, जवळजवळ सगळी काठावरची. हे गणित पहिलीतल्या पोरालाही जमलं असतं. आम्हाला जमलं नाही.

दिवाळीनंतर सरकारची नवी अंतिम यादी आली. जुन्या कागदांचा गठ्ठा मी माझ्या हाताने रद्दीवाल्याला दिला. शेरे मारलेला एक कागद फाडून टाकावा एवढी अक्कल मला सुचली नाही. रद्दीवाल्याने तो गठ्ठा भडभुंज्याला विकला, भडभुंज्याने पुड्या बांधल्या, आणि त्याचं दुकान तांबट आळीच्या तोंडाशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सर गेल्यावर मी पान पालथं केलं. मागच्या बाजूला वरून तिसरं नाव होतं: हेंद्रे अनसूया केशव. पुढे शेरा: मयत. आणि कंसात, दिवाळीपर्यंत.

अनसूयाकाकू जिवंत होत्या.

त्या आमच्या शाळा नंबर दोनमध्ये पहिलीला शिकवायच्या. अर्ध्या गावाने पाटीवर पहिला 'अ' काढला तो काकूंचा हात धरून. माझी आई वारली तेव्हा मी पहिलीत होतो. मामाने मला कोरेगावला नेलं ते चार महिने ठेवून घेतलं. हेडमास्तर म्हणत होते पोराचं नाव कमी करा. काकूंनी रोज हजेरीत माझ्या नावापुढे गैरहजर मांडलं, पण नाव खोडलं नाही. परत आलो तेव्हा त्यांनी नाव पुकारलं आणि मी हजर म्हटलं, जणू मधे काही झालंच नव्हतं. हे मी विसरलो होतो अशातला भाग नाही. आठवत असूनसुद्धा मी तो शेरा लिहिला, हेच तर सांगायचंय.

त्या उन्हाळ्यात काकूंना मिरजेला नेलं होतं. पोटात गाठ निघाली होती, डॉक्टरांनी हात टेकले असं आळीत सगळे म्हणत होते. मुलगा पुण्याला, घराला कुलूप. मी यादी घेऊन दारात उभा राहिलो आणि हिशेब केला. काकू काही दिवाळी बघत नाहीत. यादीत नाव राहिलं तर पलीकडचा कोणीतरी त्यावर बोगस मतदान करणार. एवढ्यावर मी थांबलो असतो तर निदान ते माझ्या कागदापुरतं राहिलं असतं. पण मी मयतांची नावं कमी करायचे फॉर्म भरले, तेरा खरे आणि चौदावा काकूंचा, आणि कचेरीत देऊन आलो. यादी साफ केली म्हणून भाऊंनी माझी पाठ थोपटली होती.

आणि दिवाळीच्या पाडव्याला काकू रिक्षातून उतरल्या. अंगाची काडी झालेली, पण स्वतःच्या पायांनी घरात गेल्या.

त्या दिवशी काकूंना बघून मी काय केलं असेल? काही नाही. फॉर्म कुठेतरी अडला असेल, कचेरीतली कामं कुठे एवढी वेळेवर होतात, अशी मनाची समजूत घातली. नवी यादी दुकानात आली तरी मी ते पान उघडलं नाही. सर गेल्यावर मात्र उघडलं. आळीची मतं त्र्याहत्तर. हेंद्रे अनसूया केशव हे नाव कमी झालं होतं.

दुकानाचं शटर ओढून तसाच भाऊंकडे गेलो. त्यांना पुड्यांचं आधीच कळलं होतं. घाम पुसत ते प्रचाराच्या जीपमध्ये बसले होते. आळी गेली तर आपण गेलो, असं म्हणून त्यांनी मला बऱ्याच शिव्या घातल्या, त्या मी खाली मान घालून ऐकल्या. मग ते म्हणाले की आळी एका बाईच्या शब्दावर चालते, तिच्या पाया पड, काय वाटेल ते कर, पण तिला बाहेर काढ. तेव्हा मी काकूंचं नाव कमी झाल्याचं सांगितलं. भाऊंनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला.

"कुणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

"मग तिसऱ्याला कळता कामा नये. तिचं एक मत गेलं तर गेलं, त्र्याहत्तर येतील. तिला म्हणावं आधी आळीचं होऊ दे, तू शेवटी ये. मग काय व्हायचं ते होवो."

गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्य आधीच मारून ठेवला होता. पण मी हो म्हणालो. पक्षात माझी वीस वर्षं गेली होती, आणि पडलो असतो तर ते माझ्या अक्षराने पडलो असतो. हे मला कोणी विसरू दिलं नसतं, मुख्य म्हणजे मलाच विसरता आलं नसतं.

संध्याकाळी काकूंकडे गेलो. दार उघडंच होतं. काकू पाटावर बसून लसूण सोलत होत्या आणि तसल्याच एका पुडीचा कागद त्यांच्यासमोर घडी करून ठेवलेला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी बस म्हणून सांगितलं आणि लसणाची एक पाकळीही न चुकवता सोलत राहिल्या. आळीतलं सगळं त्यांना ठाऊक होतं, सरांनी माझ्याकडे येण्याआधी आपलं पानही त्यांना दोन्ही बाजूंनी वाचून दाखवलं होतं. पोऱ्यांच्या सुनेच्या नावापुढे मी 'दोन साड्या' लिहिलं म्हणून ती दिवसभर रडत होती, हे त्यांनी सांगितलं. वडक्यांच्या घरी 'नवरा म्हणेल तसं' वाचून नवरा खूष झाला आणि बायको दोन दिवस बोलत नाहीये, हेही सांगितलं. त्यावर स्वतःच थोडं हसल्या. मला हसू आलं नाही.

मी पाया पडलो. म्हटलं, काकू, चुकलो. तुमच्याबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

"अरे, डॉक्टरही तेच म्हणत होते. तू निदान दिवाळीपर्यंतची मुदत दिलीस." मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "मला एक सांग पदू. कागदावरच लिहिलंस ना? की आणखी कुठे?"

आजही तो प्रश्न जसाच्या तसा कानात आहे. त्यात राग नव्हता. गणित चुकलेल्या पोराला, बघ बरं पुन्हा एकदा, असं म्हणतात तसा आवाज होता. माझ्या डोळ्यांपुढे त्र्याहत्तर नावं होती.

"कागदावरच, काकू."

त्यांनी मान हलवली. पुन्हा सुरी उचलली. मला वाटलं आता घालवून देतील. पण त्या म्हणाल्या की मत वाया घालवणं त्यांना पटत नाही, आळीला त्या घेऊन येतील. मी भाऊंनी पढवल्याप्रमाणे म्हटलं, तुम्हाला रांगेत उभं राहवणार नाही, तुम्ही सगळ्यांत शेवटी या. त्या म्हणाल्या, बरं, बघू.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. भाऊंनी आळीतल्या गटारावर फरश्या टाकल्या, तीन वर्षं पडलेलं काम तीन दिवसांत झालं. मी घरोघर स्लिपा वाटल्या, प्रत्येक दारात हात जोडले, चुकलो म्हटलं. लोक ऐकून घेत. कोकीळ सरांनी तर चहा दिला. आळीतली माणसं तशी साधी, एकदा चूक कबूल केली की फार ताणत नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकं सोपं होतं तर दोन वर्षं आम्ही कशाला ऐटीत राहिलो, असं मनात यायचं. स्लिपा देताना काकूंचं दार मी टाळायचो. त्यांनीही माझी स्लिप कुठे म्हणून विचारलं नाही, आणि देवाचे आभार मानले मी. गाढवपणाला काही सीमा असते का?

रोज मी ठरवायचो की आज सांगायचं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो कोण जाणे. बुधवारी तर दारापर्यंत गेलो. काकू ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं औषध वेळेवर घेता ना. त्या म्हणाल्या घेते. मग आणखी काही वेळ थांबल्या. मी चपला सरकवल्या आणि निघालो.

गुरुवारी मतदान. केंद्र शाळा नंबर दोनमध्येच, आणि खोली पहिलीची. भिंतीवर बाराखडीचा तक्ता तसाच होता. आत मी आमच्या पक्षाचा एजंट, शेजारच्या बाकावर पलीकडचा एजंट सलीम तांबोळी. आम्ही दोघं एका वर्गातले, याच खोलीत शिकलेले, पण दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. तो 'त्यांचा' होता ना.

नऊच्या सुमाराला बाहेर गलबला झाला. खिडकीतून पाहिलं तर तांबट आळी येत होती. आख्खी. सर, पोऱ्यांची सून, वडके नवराबायको, म्हाताऱ्या, काठ्या टेकत आलेले. मला वाटलं जिंकलो. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

आणि रांगेत सगळ्यांत पुढे काकू होत्या.

त्या टेबलापाशी आल्या, नाव सांगितलं. अधिकारी साताऱ्याकडचे कोणी शिक्षक होते. त्यांनी पान उलटलं, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग वगळलेल्या नावांची पुरवणी काढून ते म्हणाले, "आजी, हे नाव मयत म्हणून कमी झालंय." दारातली माणसं आत डोकावली. अधिकारी गोंधळले. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "एजंट, या बाईंना कोणी ओळखतं का?"

मी ओळखत होतो. एका शब्दाचं काम होतं. पण मी ओळखतो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग नाव कोणी कमी केलं, आणि दारात त्र्याहत्तर मतं उभी होती, त्यांतलं एकही अजून पडलं नव्हतं. मी यादीत मान घातली. मूग गिळून बसलो. पाच सेकंद झाले असतील, दहा झाले असतील.

"ओळखतो," सलीम म्हणाला. "या हेंद्रे काकू. आम्हाला पहिलीला होत्या. जिवंत आहेत, साहेब, तुमच्या समोर उभ्या आहेत."

मग मीही काहीतरी पुटपुटलो. ते कोणी ऐकलं नसावं.

काकूंनी कमरेची पिशवी उघडून घडी केलेला एक कागद काढला आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्या मिरजेला असताना त्यांच्या बंद दारावर कचेरीची नोटीस चिकटवली होती. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा. शेजारणीने ती काढून जपून ठेवली आणि पाडव्याला काकूंच्या हातात दिली, तेव्हा मुदत संपून गेली होती. अधिकाऱ्यांनी ती मोठ्याने वाचली. शेवटची ओळही वाचली. माहिती देणाऱ्याचं नाव, पद्माकर विठ्ठल शेटे.

म्हणजे त्यांना पाडव्यापासून माहीत होतं. लसूण सोलताना माहीत होतं. आणखी कुठे लिहिलंस का विचारताना माहीत होतं.

"साहेब, मत देता येणार नाही ते मला कळतंय," काकू म्हणाल्या. "मला फक्त याच्या तोंडून ऐकायचं होतं. सहा दिवस वाट बघितली." मग माझ्याकडे वळल्या. "तुझं नाव मी चार महिने राखलं होतं रे, पदू."

मी उठून उभा राहिलो. का उभा राहिलो माहीत नाही, त्या खोलीत काकू बोलल्या की उभं राहायची सवय असेल. काकू बाहेर गेल्या, व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि आळीला म्हणाल्या, जा, तुमची नावं आहेत, मतं देऊन या. एकूण एक माणूस आत आला. मी नाव ऐकायचो, यादीत खूण करायचो. माझ्याकडे कोणी रागाने पाहिलं नाही. कोणी पाहिलंच नाही.

आम्ही अठ्ठावन्न मतांनी पडलो. भाऊ मला म्हणाले, तुला जरा तोंड बंद ठेवता आलं नाही का. तोंड बंदच तर ठेवलं होतं.

निकालानंतर आठवड्याने मी नाव नोंदवायचा कोरा फॉर्म घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी मला दारात बराच वेळ उभं ठेवलं. मग आत घेतलं, समोर बसवून फॉर्म भरायला लावला आणि प्रत्येक रकाना मोठ्याने वाचायला लावला. मी रडत होतो आणि वाचत होतो. त्यांनी डोळे पूस म्हटलं नाही, कागद भिजवू नकोस म्हटलं. सही केली. नाव परत आलं, अनुक्रमांक चारशे बारा. विधानसभेला त्यांनी मत दिलं. बाहेर येताना शाईचं बोट मला दाखवलं. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, आजतागायत आळीत कुणालाही विचारत नाही. पुढच्या नगरपालिकेला आम्ही परत निवडून आलो. भाऊ म्हणतात आळी पुन्हा आपली झाली, फरश्यांमुळे. भाऊंना काय म्हणायचं ते म्हणू दे.

काकू जाऊन आता नऊ वर्षं झाली. मयतांची नावं कमी करायचे फॉर्म माझ्या दुकानात गठ्ठ्याने असतात, लोक येतात, मी भरून देतो. तो एक मात्र माझ्याने भरवत नाही. दोनदा बसलो, कारणाच्या रकान्यापर्यंत आलो आणि पेन ठेवलं. म्हणून नाव अजून आहे. दर निवडणुकीला सकाळपासून मी त्या पानावर पट्टी ठेवून बसतो, त्या नावावर दुसरं कोणी येऊ नये म्हणून. सलीम समोर असतो, त्याला सगळं ठाऊक आहे, तोही काही बोलत नाही. गेल्या खेपेला पाच वाजून गेल्यावर नव्या अधिकारी बाईंनी विचारलं, या चारशे बारा नंबरच्या हेंद्रे यायच्या राहिल्यात का?

मी म्हटलं, सहापर्यंत वाट बघू.